माझ्या कॉलेजात लेकीला जागा मिळाली नाही

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. इथे वाचते पुष्कळ, लिहिते क्वचित. आज लिहितेय कारण घरात या विषयावर कुणाशी मोकळं बोलता येत नाहीये.

लेकीच्या इंजिनिअरिंगच्या कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, तिसरी फेरी लागली. मी ज्या कॉलेजातून १९९७ साली इलेक्ट्रिकल करून बाहेर पडले, तिथे तिला जागा मिळाली नाही. कॉलेजचं नाव लिहीत नाही. राज्यातलं एक जुनं सरकारी कॉलेज आहे एवढं पुरे. तिला कोल्हापुरातल्याच एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं, पाचव्या पसंतीचं. नियमाप्रमाणे सीट आपोआप फ्रीझ झाली. त्यामुळे चौथ्या फेरीची वाट बघण्याचाही प्रश्न मिटला.

ती शांत आहे. जेवते, मैत्रिणींबरोबर फिरून येते, लॅपटॉप कुठला घ्यायचा ते बघते. झोप माझी उडाली आहे.

ते कॉलेज माझ्यासाठी काय आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी कागल तालुक्यातल्या खेड्यातली. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मार्कांवर यादी लागायची. आमच्या भावकीतून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिली मुलगी. वर्गात मुली अगदी थोड्या. मशीन्स लॅबमध्ये डीसी मोटरचा थ्री पॉइंट स्टार्टर, म्हणजे मोटर टप्प्याटप्प्याने चालू करायचं उपकरण, पहिल्यांदा हातात आला, तेव्हा मी घाईने हँडल ओढलं आणि फ्यूज उडाला. सर रागावले नाहीत. नवी फ्यूज वायर माझ्याच हाताने बांधायला लावली आणि म्हणाले, "एकेका बटणावर थांबत जा. मोटरला वेग धरायला वेळ दे." आज शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघते. इंडक्शन फर्नेस, म्हणजे धातू वितळवायची विजेची भट्टी, ट्रिप झाली की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात आणि माझा हात कापत नाही, तो त्या लॅबमुळे.

लेक लहान असल्यापासून तिला तिथे नेत आले. होस्टेल दाखवलं, मेसमागचा पिंपळ दाखवला. ती तिथेच शिकणार हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात धरून होते.

आता दोन अडचणी. डिसेंबरमध्ये आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन आहे. एका वर्गमित्राच्या मुलाला यंदा तिथेच प्रवेश मिळालाय. त्याने कॉलेजच्या गेटवरचा बापलेकाचा फोटो ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, मीही केलं. दुसरं म्हणजे, बॅचतर्फे आम्ही तिथल्या गरजू मुलींसाठी मदतनिधी चालवतो आणि वर्गणी गोळा करण्याचं काम माझ्याकडे आहे. या महिन्यात सगळ्यांना आठवण करायची असते. मेसेज लिहायला बसते आणि पुसून टाकते.

असा अनुभव कुणाला आलाय का? काय केलंत?

उद्यमनगरी

ताई, वाईट वाटून घेऊ नगा असं म्हणणार न्हाई. वाटणारच. पण पोरगीला कॉम्प्युटर मिळालंय, तेबी घरातनं डबा घिऊन जाता येईल असं. माझं उद्यमनगरात मशीन शॉप हाय. हितं काम मागायला येणाऱ्या पोराला कुठल्या कॉलेजचा ह्ये मी कधी इचारलं न्हाई. ड्रॉइंग वाचता येतंय का आणि मायक्रोमीटर धरता येतोय का, एवढंच बघतो. तुमची लेक शांत हाय ही लई मोठी गोष्ट हाय. तिला शांतच ऱ्हाऊ द्या.

फळा_आणि_खडू

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि दरवर्षी मुलांचे पसंतीक्रम भरून देण्यात मदत करतो. इतर पालकांसाठी नियम लिहून ठेवतो, कारण पुष्कळांना तो फेरी लागल्यावरच कळतो.

२०२५-२६ च्या प्रवेशांपासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाली तर, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाली तर तेच. जागा फ्रीझ झाली की पुढच्या फेरीत भाग घेता येत नाही. म्हणून "आवडतं ते वर, नावडतं ते खाली" एवढं पुरत नाही. जे मिळालं तर थांबायची तयारी आहे, तेच वरच्या सहांत ठेवावं लागतं.

विचारू का? कोल्हापूरचं कॉलेज पाचव्या क्रमांकावर का होतं? सातव्यावर असतं तर चौथी फेरी हातात राहिली असती. शिवाय तुमच्या कॉलेजात सिव्हिलचा कटऑफ खाली असतो. ते भरून पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलायचा मार्ग काही जण धरतात.

पंचगंगाकाठ

सर, फॉर्म तिनेच भरला. सिव्हिल तिला नको होतं, मीही आग्रह केला नाही. ब्रँच बदलायला जागा मोजक्या, आणि वर्षभर त्या ताणाखाली काढायचं. पाचव्या क्रमांकाचं विचारते तिला.

खरंतेच

मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका. निधीचं काम सोडा. वर्षानुवर्षं तुम्ही तिथे पैसे, वेळ, जीव देताय. कार्यक्रमाला खुर्च्या भरायला माजी विद्यार्थी हवेत, देणग्यांना माजी विद्यार्थी हवेत. पण त्यांच्या मुलांसाठी शेकडा दोन जागासुद्धा नाहीत? माझ्या भावाने त्याच्या शाळेच्या इमारतीला मोठी रक्कम दिली, आणि नातीला पहिलीत घ्यायची वेळ आली तेव्हा लॉटरीत नाव टाका म्हणाले. देणगीच्या पाटीवर मात्र अजून त्याचं नाव आहे. ज्यांना आपली गरज फक्त एका बाजूने आहे त्यांच्यासाठी राबू नये.

काळाकोट

खरंतेच, तुमच्या भावाचं दुःख समजतं. पण मागणी कायद्यात बसत नाही आणि बसूही नये. सरकारी अभियांत्रिकी कॉलेजात मॅनेजमेंट कोटाच नसतो. खासगी कॉलेजात संस्था स्तरावरच्या जागा असतात, त्याही गुणवत्तेच्या क्रमाने भरायच्या असतात. देणगी घेऊन प्रवेश द्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. २००५ साली इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेवर असले पाहिजेत हे पुन्हा स्पष्ट केलं. आपल्या राज्याने २०१५ साली खासगी व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि शुल्क यांसाठी वेगळा कायदाही केला.

आता माजी विद्यार्थ्यांसाठी दोन टक्के ठेवले असं धरा. ते कुणाच्या वाट्यातून जाणार? ज्यांच्या घरात अजून कुणी कॉलेज पाहिलेलं नाही त्यांच्या. ताई स्वतः तशाच घरातून आल्यात.

सातासमुद्रापार

मूळचा मंगळवार पेठेचा, आता न्यू जर्सीत. ताई, तुमचं लिखाण बायकोला वाचून दाखवलं. आमच्याकडे गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये हेच झालं.

मी ज्या विद्यापीठातून एमएस केलं तिथे मुलाने पदवीसाठी अर्ज केला होता. इथे काही विद्यापीठांत 'लेगसी' नावाची पद्धत आहे. अर्जदाराचे आईवडील तिथे शिकलेले असतील तर त्याचं पारडं थोडं जड धरतात. खरंतेच, तुम्ही मागताय ते इथे खरोखर आहे, म्हणून ते प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो.

हार्वर्डवरच्या खटल्यात विद्यापीठाची आकडेवारी उघड झाली. २०१० ते २०१५ च्या काळात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना प्रवेश मिळाला. बाकीच्या अर्जदारांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण उलट बाजूने बघा, इतकी झुकती मापं असूनही तीनपैकी दोन मुलांना नकारच आला. आणि तो नकार जास्त झोंबतो, कारण "आपलं वजन असूनही घेतलं नाही" असं आईबाप म्हणतात आणि मूल ते ऐकत असतं. शिवाय काही ठिकाणी हे वजन फक्त पदवी तिथून घेतलेल्यांचं धरतात. आपल्यासारखे एमएस करायला आलेले त्यात मोजले जातीलच असं नाही. मला हे निकाल लागल्यावर कळलं.

ही पद्धत इथे हळूहळू जातेही आहे. एमआयटी ती मानतच नाही. जॉन्स हॉपकिन्सने २०१४ सालीच बंद केली होती, जाहीर २०२० मध्ये केलं. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने २०२१ मध्ये सोडली. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही मनाई केली, तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.

आता माझं. मी त्या विद्यापीठासाठी बरीच वर्षं मुलाखती घेत आलोय. अर्ज केलेल्या मुलांना जवळपासचे माजी विद्यार्थी भेटतात, गप्पा मारतात आणि दोन परिच्छेद लिहून पाठवतात, तशा. स्वतःचं मूल अर्ज करत असेल त्या वर्षी आमच्याकडे मुलाखती घ्यायच्या नसतात, त्यामुळे त्या वर्षी सुट्टी होती. नकार आला त्याच वसंतात विद्यापीठातून देणगीसाठी फोन आला. पलीकडे शिकणारीच एक मुलगी होती, फोनवर पैसे जमवायचं काम करून खर्च भागवणारी. मी तिला सांगितलं, यंदा नाही. ती "ठीक आहे, धन्यवाद" म्हणाली. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. त्या वर्षी माझ्याच्याने होत नव्हतं.

पुढच्या शरद ऋतूत मुलाखतींची यादी आली. पहिलंच नाव एका ट्रकड्रायव्हरच्या मुलीचं. मुलगा सुट्टीला घरी आला होता. त्याने विचारलं, "बाबा, घेणार आहेस ना?" मी म्हटलं, तुला चालेल? तर म्हणाला, "माझ्या वेळी कुणीतरी माझी घेतलीच की. ते काका चांगले होते." मुलाची मुलाखत घेणाऱ्या गृहस्थाने त्याच्याशी दीड तास क्रिकेट आणि खगोलशास्त्रावर गप्पा मारल्या होत्या. प्रवेश मिळाला नाही, पण ती संध्याकाळ मुलाला आवडली होती. मी यादी स्वीकारली.

म्हणून ताई, एक वर्ष निधीचं काम दुसऱ्या कुणाला द्यावंसं वाटलं तर द्या. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. कायमचं सोडायचा निर्णय मात्र या महिन्यात घेऊ नका.

बिंदूचौक

सातासमुद्रापार यांच्या माहितीत एक भर घालतो, इतिहास शिकवतो म्हणून. अमेरिकेत ही लेगसी पद्धत रुजली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. स्थलांतरितांची मुलं, विशेषतः ज्यू विद्यार्थी, परीक्षेत पुढे यायला लागली आणि जुन्या घराण्यांची मुलं मागे पडायला लागली. मग चारित्र्य, घराणं, वडील कुठे शिकले अशा गोष्टी मोजायला सुरुवात झाली.

आणि साधारण त्याच काळात आपल्या गावात काय चाललं होतं? १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्यांच्या बापाने शाळा पाहिली नव्हती त्यांना आत घेण्यासाठी हा सगळा खटाटोप होता. दसरा चौकातून जाताना त्या वसतिगृहांच्या इमारती आपण रोज बघतो आणि त्या कशासाठी बांधल्या हे विसरतो.

काळाकोट म्हणतात ते कोल्हापूरकराला तरी समजावून सांगावं लागू नये. माजी विद्यार्थ्याचं मूल म्हणून जागा मागणं म्हणजे हे चक्र उलटं फिरवणं आहे. ताईंनी ते मागितलेलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

खरंतेच

बिंदूचौक सर, मुद्दा मान्य. इतिहास पटतो. पण मग संस्थांनीही देणगी मागताना "आपलं कुटुंब", "आपलं घर" असे शब्द वापरू नयेत. घर म्हटलं की घरातल्या मुलांचं काय हा प्रश्न माणसाच्या मनात येणारच. एवढं तरी माझं धरा.

काळाकोट

हे धरलं.

दुसरीयादी

मी वयाने लहान आहे, चोवीसचा. इथे सगळे आईवडिलांच्या बाजूने लिहितायत म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी तो मुलगा आहे.

माझे बाबा डॉक्टर. आमच्या घरी रात्रीचं जेवण म्हणजे बाबांच्या मेडिकल कॉलेजच्या गोष्टी. डिसेक्शन हॉलमध्ये चक्कर येऊन पडलेला त्यांचा रूममेट, रात्री दोनला उघडा असलेला चहाचा गाडा, वॉर्डातल्या म्हाताऱ्या सिस्टर ज्यांना प्रोफेसरसुद्धा घाबरायचे. मला ती सगळी माणसं ओळखीची वाटायची. मी मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली, रिपीट केली, बाबांच्या कॉलेजच्या जवळपासही मार्क आले नाहीत. मग मी बी. फार्म. केलं. आता एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे आणि मला माझं काम मनापासून आवडतं.

मला लागलं ते नीटच्या निकालापेक्षा वेगळंच. निकालानंतर बाबांच्या गोष्टी बंद झाल्या. कॉलेजचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. कपाटातला त्यांचा कॉलेजचा जुना ब्लेझर आईने वरच्या ट्रंकेत टाकला. मला वाईट वाटू नये म्हणून हे सगळं चाललं होतं. मी मात्र हे धरून बसलो होतो की बाबांकडून मी काहीतरी काढून घेतलं. माझ्यामुळे या माणसाला त्याचं तरुणपण आठवायचीही चोरी झाली.

खूप नंतर मीच विचारलं, "बाबा, तो चहाचा गाडा अजून आहे का हो?" ते एकदम बघायला लागले माझ्याकडे. मग बोलत सुटले.

काकू, तुमच्या लेकीसमोर तुमचं कॉलेज बंद करू नका. बॅचच्या ग्रुपवरचे फोटो बघत असाल तर तिला बघून फोन उलटा ठेवू नका. तिला त्या स्टार्टरची गोष्ट माहीत आहे का?

पंचगंगाकाठ

दुसरीयादी, तुझं लिखाण रात्री वाचलं आणि उठून लेकीच्या खोलीत गेले. "तिला स्टार्टरची गोष्ट माहीत आहे का" याचं उत्तर: पाठ आहे. तिने मलाच सांगितली, सरांच्या आवाजात.

मग फळासरांनी विचारलेलं विचारलं. पाचवा क्रमांक का?

ती जागा स्वीकारण्याचे हजार रुपये ऑनलाइन भरत होती. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मुद्दाम ठेवलं. पहिल्या तीन पसंत्या मला हव्या होत्या, म्हणजे तुझ्या कॉलेजचं कॉम्प्युटर, पुण्याचं एक, तुझ्या कॉलेजचं इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम. चौथं तिथलंच तुझं इलेक्ट्रिकल, ते तुझ्यासाठी लिहिलं. पाचवं हे. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं मिळालं की सुटतं, हे मला माहीत होतं. चौथ्या फेरीत इलेक्ट्रिकल लागलं असतं तर ते सोडताना मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं."

मी बसूनच राहिले. ऐकून बरं वाटलं असं लिहिणार नाही. आधी राग आला, की एवढा विचार करून ठेवलास आणि मला बोलली नाहीस. मग लक्षात आलं, की ती माझ्याशी बोलली असती तर मी काय बोलले असते हे तिला ठाऊक होतं. सीईटीच्या तयारीत तिने मला कधीच विचारलं नाही की तिथे जाऊ का. "तुला काय वाटतं" असं विचारायची, आणि माझ्या चेहऱ्यावरून उत्तर घ्यायची.

ती पुढे म्हणाली, "मला तुझं कॉलेज आवडतं गं. पण ते तुझं म्हणून आवडतं. तिथे चार वर्षं मी 'हिची आई इथलीच' म्हणून वावरले असते. तुझे सर अजून येतात ना कार्यक्रमाला?" येतात. निवृत्त झालेत, तरी येतात, आणि मला नावाने हाक मारतात.

सातासमुद्रापार दादा, तुमच्याकडे 'लेगसी'चं वजन मुलांच्या बाजूने टाकतात म्हणालात. माझ्या लेकीला ते वजन स्वतःवर नको होतं. मला हे अजून पूर्ण पचलेलं नाही. तिला तिथे पाहायची माझी इच्छा खरी होती आणि ती पूर्ण व्हायची नाही. त्याचं दुःख मी नाकारणार नाही. पण आता ते माझं आहे हे कळलं. तिच्या निकालावर ते लादायचं कारण उरलं नाही.

ओटीवरची_आजी

मुली, मी मुख्याध्यापिका होते, आता नातवंडं सांभाळते. एवढी वर्षं प्रवेशाच्या टेबलाच्या पलीकडे बसले. नकार सांगताना सगळ्यात अवघड माजी विद्यार्थिनीच वाटायची. बाकीचे पालक भांडायचे, रडायचे, ओळखी सांगायचे. माझी जुनी विद्यार्थिनी मात्र "बरं बाई" म्हणून उठायची, आणि दारातून पुन्हा एकदा व्हरांड्याकडे बघायची. ते बघवायचं नाही. यादी बदलता येत नव्हती, आणि बदलता येत नव्हती तेच बरं होतं, कारण एकीसाठी बदलली की यादीला अर्थ राहत नाही. पण टेबलापलीकडच्या माणसालाही ते लागतं, एवढं तुला सांगावंसं वाटलं.

स्नेहसंमेलनाला जा. कुणीतरी विचारणारच, "लेक कुठे?" उत्तर आधी ठरवून ठेव, आणि त्यात 'पण' घालू नकोस. "कोल्हापुरात कॉम्प्युटर करतेय." पूर्णविराम. 'पण' घातलास की समोरचा सांत्वन सुरू करतो आणि संध्याकाळभर तेच चालतं. तुझ्या त्या वर्गमित्राच्या मुलाची चौकशी मात्र आपणहून कर. तो बिचारा तुझ्यासमोर आनंद दाखवायला कचरत असेल.

उद्यमनगरी

आज्जी, एकदम बराबर बोल्लासा.

पंचगंगाकाठ

आजी, 'पण' न घालता म्हणून बघितलं आज कंपनीत. साहेबांनी विचारलं, सांगितलं, "अरे वा" म्हणाले आणि फर्नेसच्या लायनिंगकडे वळले. इतकंच झालं.

निधीबद्दल. काम मी सोडत नाही. दादांनी एक वर्ष थांबायची मोकळीक दिली, तिची मला फार गरज होती. ती मिळाल्यावरच लक्षात आलं की थांबायचं नाहीये. आम्ही ज्या मुलींना मदत करतो त्या माझ्या लेकीच्या जागेवर बसलेल्या नाहीत. मी १९९३ साली जिथे बसले होते तिथे त्या बसल्यात.

पण फळासर, तुमच्याकडून एक माहिती हवी. आमचा निधी सुरुवातीपासून मुलींच्या फीसाठी आहे. आता सरकारने मुलींची फी माफ केली म्हणतात. मग आम्ही कशाला द्यायचं?

फळा_आणि_खडू

आधी पाचव्या पसंतीबद्दल. एवढ्या वर्षांत इतक्या विचाराने भरलेला फॉर्म मी फार थोडा पाहिलाय. लेकीला माझा नमस्कार सांगा.

निधीचं. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण रक्कम शासन भरतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं लागतं. तेव्हा या मुलींच्या बाबतीत फीसाठी दिलेले पैसे आता दुसरीकडे वळवता येतील.

खर्च उरतो तो राहण्याखाण्याचा आणि प्रवासाचा. होस्टेलला नंबर लागला नाही की मुलगी बाहेर खोली घेते, आणि मेसचे पैसे दरमहा रोख मोजावे लागतात. एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंतच असतो. त्यानंतर सवलतीचा मिळतो, पण पदरचे पैसे घालावे लागतात. गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडच्या मुलींची गळती फीमुळे होत नाही. पहिल्या सत्रात मेसचे पैसे थकले की त्या घरी जातात आणि परत येत नाहीत. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात वाईट, कारण शिष्यवृत्तीची रक्कम तेव्हा हातात आलेली नसते. निधी तेव्हा पोचला तर उपयोग.

खरंतेच

ही माहिती मला नवीन आहे. ताई, बाहेरच्या माणसाची वर्गणी चालते का?

सातासमुद्रापार

माझीही. पहिल्या सत्राच्या मेसचं एका मुलीचं किती होतं तेवढं कळवा.

पंचगंगाकाठ

चालते, आनंदाने. मेसचा दर होस्टेलच्या रेक्टर मॅडमना उद्या फोन करून विचारते आणि इथेच लिहिते.

बॅचची ऑनलाइन मीटिंग रविवारी आहे. फीऐवजी पहिल्या सत्राची मेस, आणि रक्कम डिसेंबरच्या कार्यक्रमात चेकने देण्याऐवजी ऑगस्टमध्येच, असं मांडणार आहे. काही जण कुरकुरतील. कार्यक्रमात मंचावर चेक द्यायची सवय आहे. त्या गेटवरच्या फोटोवाल्या वर्गमित्राला आधीच फोन केला. त्याच्या मुलाची चौकशी केली, मग हे सांगितलं. तो म्हणाला, मी अनुमोदन देतो.

वर्गणीचा मेसेज मघाशी ग्रुपवर टाकला. लेकीने शुद्धलेखन तपासून दिलं.